तळ्यातला गंधक कमी कसा करायचा (आणि आम्ही हिराकस टाकून काय उद्योग करून ठेवला)

म्हशींना आपल्या आधी कळतं. आमच्या गावचं तळं करवीर तालुक्यात आहे, नाव सांगत नाही, उगं भांडणं नकोत. तर तिथं चैत्रात म्हशी कडेपर्यंत जायच्या, मान खाली घालायच्या आणि फुर्र करून माघारी फिरायच्या. उन्हाळ्यात म्हैस पाण्यात बसत नाही म्हंजे काय ते समजून घ्या. पोरं म्हणायची गटारीचं पाणी आलंय. आलं पण असेल थोडं, पण तो वास गटारीचा नव्हता, कुजक्या अंड्याचा होता, आणि ह्या दोन वासांत फरक आहे. कुजकं अंडं म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे गंधक.

आम्ही सात-आठ जण तीन वर्षं ह्याच्या मागं लागलोय. सगळं जमलंय असं नाही, पण काय करायचं आणि त्याहून जास्त म्हणजे काय करायचं नाही हे बऱ्यापैकी कळलंय, म्हणून लिहून ठेवतोय. तळं, खण (दगड काढून राहिलेल्या खड्ड्यातलं पाणी), ओढ्याकाठची पाणथळ जागा, शेताच्या खालची दलदल, सगळीकडं प्रकार तोच.

आधी गंधक नक्की करतो काय ते. पाण्यात तो येतो सल्फेट होऊन, आणि सल्फेटला ना वास ना रंग, त्यामुळं येताना कुणाला पत्ता लागत नाही. तळाच्या गाळात पालापाचोळा कुजत असतो, तिथला ऑक्सिजन संपतो, मग तिथले काही जिवाणू ऑक्सिजनच्या जागी सल्फेटवर श्वास घेतात. आपण ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते सल्फेट घेऊन सल्फाइड सोडतात, इतकं सरळ आहे. म्हणजे ह्या धंद्याला तीन गोष्टी लागतात: सल्फेट, कुजणारा माल आणि बंद हवा. खाली जे जे सांगतोय ते ह्या तिघांपैकी कुणाला तरी तोडायचंच आहे, आणि सगळ्यात जास्त जोर पहिल्यावर द्यायचा, कारण गंधक नाहीसा होत नाही, नुसतं रूप बदलतो.

सल्फाइडचा त्रास म्हणाल तर एक म्हणजे मासे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं माशांसाठी विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा धरलीये लिटरला ०.००२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दुसरं, पाणवनस्पतींची मुळं काळी पडून गुदमरतात. आणि तिसरं जे आम्हाला लई उशिरा कळलं ते म्हणजे केंदाळ, म्हणजे जलपर्णी. गाळात लोह असतं, ते लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. सल्फाइड आला की तो लोहाला चिकटतो (गाळ काळा होतो तो ह्याच लोह-सल्फाइडमुळं) आणि फॉस्फरस मोकळा होऊन पाण्यात येतो. मग केंदाळ आणि शेवाळ माजतं, ते मरून तळाला जातं, कुजतं, परत जिवाणूंना खायला मिळतं. आपण दरवर्षी पोकलेन लावून केंदाळ काढतो आणि ते दरवर्षी परत येतं, त्यातला थोडा वाटा ह्या चक्राचा आहे.

अजून एक, पारा. हेच जिवाणू गाळातल्या पाऱ्याचा मिथाइल पारा बनवतात आणि तो माशांत साठत जातो. हे सगळ्यात नीट अभ्यासलं गेलंय फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स नावाच्या दलदलीत, आणि गंमत म्हणजे तिथंही वरच्या अंगाला ऊसच ऊस आहे. तिथले शेतकरी जमिनीचा पीएच उतरवायला गंधक टाकत आले, शिवाय तिथली काळी सेंद्रिय जमीन मोकळी पडून तिच्यातला जुना गंधकही सुटतो, आणि सगळं कालव्यानं खाली दलदलीत. तिथं त्यांनी ध्येय ठेवलंय सल्फेट लिटरला १ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गंधकच आहे का ते बघा

लॅबच्या आधी एक सळई घ्या. बांधकामावरची ८ एमएमची, तीन-साडेतीन फूट. मिठाचं पाणी मारत आठ-दहा दिवस गॅलरीत टाका, चांगली तांबडी गंजली पाहिजे. मग ती तळ्याच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, गाळात दोन फूट खुपसून ठेवा आणि वरच्या टोकाला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर सापडत नाही (आमच्या दोन सळया अजून तिथंच आहेत). पंधरा दिवसांनी उपसा. जिथं सल्फाइड आहे तिथला गंज काळा झालेला असतो, जिथं नाही तिथं तांबडा तसाच. आमच्या पहिल्या सळईवर गाळाच्या वरच्या चार बोटांपासूनच काळं सुरू झालं होतं, तेल लावल्यासारखं चकचकीत. फोटो लगेच काढा, कारण हवा लागली की ते काळं परत तपकिरी व्हायला लागतं, घरी नेऊन दाखवू म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी नवी सळई, काळं कुठून सुरू होतंय ते टेपनं मोजून वहीत लिहायचं. फुकटात ह्याहून चांगलं मीटर मला माहीत नाही.

दुसरं, लिंबू. चमचाभर काळा गाळ वाटीत घ्या, उघड्यावर, आणि त्यावर अर्धं लिंबू पिळा. लोह-सल्फाइड असेल तर काळा रंग फिका पडत जातो आणि वास सुटतो. नुसता पाल्यामुळं काळा असेल तर काही होत नाही. नाक वाटीत घालू नका, हातभर लांबून पण कळतं.

तिसरं, एखादा लव्हाळा किंवा पाणकणीस मुळासकट उपटा. चांगल्या गाळात मुळांवर गंजासारखा तांबूस थर असतो, कारण झाड मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर सोडतं. काळी, मऊ, वासाची मुळं असतील तर समजून जा.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. उघड्या तळ्यावर वास आला म्हणून माणूस मरत नाही, पण बंद जागा, म्हणजे जॅकवेल, मॅनहोल, सेप्टिक टँक, मळीची टाकी, ह्यात ‘जरा बघून येतो’ म्हणून उतरायचं नाही. हा गॅस जास्त झाला की नाकाला वास यायचाच बंद होतो, माणसाला वाटतं गेला वास, आणि तो तिथंच पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसरा पण.

पाणी तपासायचं कसं

स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीन वेळा विसळून, वरचा तवंग टाळून फूटभर खालनं भरायची. सल्फेटचा नमुना थंड ठेवला तर टिकतो. सल्फाइडचा टिकत नाही, त्यासाठी लॅबकडून झिंक ॲसिटेट घातलेली बाटली मागून घ्यायची आणि बुडबुडा न ठेवता गच्च भरायची. नमुने कमीत कमी चार: पाणी येतं तिथं, मध्यात, पाणी बाहेर पडतं तिथं आणि वरच्या अंगाची एखादी चांगली विहीर तुलनेला. वर्षातनं चार वेळा: पहिल्या वळवाच्या पाण्याचा, भर पावसाळ्यात, गळीत हंगाम चालू असताना डिसेंबर-जानेवारीत आणि मे महिन्यात. एकच वेळ परवडत असेल तर पहिला वळीव सोडू नका, शेतातलं, रस्त्यावरचं, गटारीतलं साठलेलं सगळं त्या पाण्यात येतं.

ह्या रिपोर्टवरनं आमची एकदा फसगत झालीये. रिपोर्टात सल्फेट आलं, शेजारी मर्यादा छापलेली २००, आपला आकडा त्याच्या बराच खाली, सगळे खूश, चहा झाला. ती २०० ची मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे, भारतीय मानकातली, आणि दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालतं. माणसाच्या पोटाला २०० चालतं म्हणून गाळाला चालतं असं नाही, एव्हरग्लेड्सवाले १ म्हणतात ते आठवा. आपल्या काळ्या जमिनीतनं आणि विहिरींतनं तसंही थोडं सल्फेट येतंच, त्यामुळं १ चा हट्ट धरायचं कारण नाही, पण वरच्या विहिरीपेक्षा तळ्यात येणारं पाणी किती जास्त आहे ते बघा. तो फरक आपला.

येतंय कुठनं

ह्याला चालावं लागतं. पाऊस पडून गेल्यावर गमबूट घालून ओढ्यानं वर वर जायचं आणि जिथं जिथं दुसरं पाणी मिळतं तिथं बाटली भरायची. आम्हाला वाटत होतं कारखाना. निघाली आमचीच खताची पोती.

उसाच्या एका एकराचा हिशोब मांडून दाखवतो, तुमचा तुम्ही घाला. सिंगल सुपर फॉस्फेटची दोन पोती, त्यात ११ टक्के गंधक म्हणजे ११ किलो. अमोनियम सल्फेटचं एक पोतं, २४ टक्के, म्हणजे १२ किलो. वर दुकानदारानं दिलेली ९० टक्केवाली दाणेदार गंधकाची १० किलोची बॅग, ९ किलो. झाले ३२. कुणी २०:२०:०:१३ टाकतं, त्यातला तो शेवटचा १३ गंधकाचाच आहे, बऱ्याच जणांना माहीतच नाही. आता गंधकाचं सल्फेट झालं की वजन तिप्पट होतं, म्हणजे ३२ किलोचं ९६ किलो सल्फेट. त्यातलं पिकानं घेतलं ते घेतलं, उरलेलं मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर चालायला लागतं.

पिकाला गंधक नको असं मी म्हणत नाहीये. माती परीक्षणात गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर टाकलाच पाहिजे. पण त्याच्या वर असेल तर ती वेगळी बॅग कशाला? आमच्याकडं माती परीक्षण करून घेतलेल्यांनी पहिली बंद केली ती ही दाणेदार बॅग. दुकानदार अजून नीट बोलत नाही.

दुसरी जागा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शिरोळकडं क्षारपड जमिनी सुधारायला जिप्सम टाकतात आणि जमिनीखालनं सच्छिद्र पाइप घालतात, काम चांगलंच आहे, पण ते चालतं कसं बघा: जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हाकलतो आणि तो सोडियम सल्फेट घेऊन पाइपातनं बाहेर पडतो. म्हणजे सल्फेट बाहेर काढणं हेच त्या पाइपाचं काम आहे. शुद्ध जिप्समच्या एका टनात साडेपाचशे किलोच्या आसपास सल्फेट असतं. आता त्या पाइपाचं तोंड कुठं सोडलंय एवढं बघा. साठलेल्या तळ्यात असेल तर तेवढं तोंड वळवून वाहत्या ओढ्याला द्या, आणि जिप्सम परीक्षणात जेवढं सांगितलंय तेवढंच, तेही मातीत मिसळून. वरनं फेकून पहिल्या पावसाच्या हवाली नाही.

कारखान्यांचं सांगायचं तर आपल्याकडची पांढरी साखर बहुतेक डबल सल्फिटेशननं होते, म्हणजे गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, रस साफ होतो. आसवनीच्या स्पेंटवॉशमध्ये (मळीपासून स्पिरिट काढल्यावर उरणारं सांडपाणी) सल्फेट लिटरला हजारो मिलिग्रॅममध्ये असतं आणि वर प्रचंड सेंद्रिय माल, म्हणजे सल्फेट आणि खाणं दोन्ही एकाच टँकरमध्ये. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे तडफडल्याच्या बातम्या येतात तेव्हा तात्काळ कारण बहुधा ऑक्सिजन संपणं हे असतं, पण मागनं काळा गाळ राहतो तो ह्याच घोळाचा. इचलकरंजीकडं कापड रंगवताना सल्फर ब्लॅक वापरत असतील तर तो सोडियम सल्फाइडनं विरघळवतात. गुऱ्हाळात गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस टाकतात, ती पण गंधकाचीच पावडर, आणि काहिल धुतलेलं पाणी ओढ्यात. रानभेंडीच्या चिकानं गूळ करणाऱ्याचा रंग थोडा काळपट येतो, तो घ्या, चव पण भारी असते.

धुण्याची पावडर राहिली. तिच्यात भर म्हणून सोडियम सल्फेटच घातलेलं असतं. तळ्याच्या दगडावर धुणं बंद करणं हे आम्हाला सगळ्यात अवघड गेलं, कारण बायका म्हणाल्या मग नळाला पाणी द्या, आणि त्यांचं खरं होतं. शेवटी बोअरच्या टाकीला चार तोट्या काढून कडेला धोबीघाट बांधला, त्याचं पाणी हत्तीगवताला सोडलं, तेव्हा कुठं थांबलं.

गणपती

हे वेगळं लिहितोय कारण ह्यात आपला हात सगळ्यात सरळ आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. दुसरं तिसरं काही नाही. पाणी घालून मूर्ती घट्ट झाली की त्याचं जिप्सम होतं, आणि त्याच्या वजनाचा साधारण ५६ टक्के भाग सल्फेट. २० किलोची मूर्ती म्हणजे ११ किलो सल्फेट. आमचं तळं धरा एक एकर आणि सरासरी पाच फूट खोल, म्हणजे साधारण ६० लाख लिटर. तिथं ३० मूर्ती बुडवल्या तर सगळं विरघळेपर्यंत लिटरला ५५ मिलिग्रॅम वाढ. ३० मूर्ती म्हणजे काहीच नाही, दोन गावची मंडळं झाली. लोक रंगाला नावं ठेवतात, रंग वाईट आहेच, पण पांढरा गाभा निरुपद्रवी आहे असं समजतात ते चुकीचं आहे. मूर्ती विरघळत नाही म्हणून तक्रार असते ना, ती हळूहळू विरघळत असते, वर्षानुवर्षं, तळाशी बसून.

कोल्हापुरात मूर्तिदान आणि कुंडांची सवय बऱ्यापैकी रुळलीये, रंकाळ्याऐवजी इराणी खणीत विसर्जन होतं, चांगलं आहे. पण खण पण पाणीच आहे, तिथला गाळ पण गाळच. गंगावेशीत, बापट कॅम्पात शाडूची मूर्ती मिळते, आधी सांगावं लागतं एवढंच. तालमीच्या मोठ्या मूर्तीला शाडू परवडत नाही म्हणतात, मग मोठी मूर्ती कायमची ठेवा आणि विसर्जनाला छोटी.

घरी बादलीत विरघळवण्याची एक पद्धत आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली: अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपीची मूर्ती ठेवायची, तळाला खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. पद्धत चांगली आहे, गोची पुढं होते. ते वरचं पाणी लोक मोरीत ओततात! म्हणजे सल्फेट गटारीतनं, नाल्यातनं फिरून परत पाण्यातच. अमोनियम सल्फेट हे खत आहे, भरपूर पाणी घालून झाडांना, शेताला घाला आणि तेवढं विकतचं खत कमी टाका.

आता आमचा उद्योग

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वास असह्य झाला, तेव्हा कुणीतरी सांगितलं की सल्फाइडला लोह धरतं, लोह टाका. बरोबर आहे, धरतं. आम्ही पोती आणली हिराकसची, कारण उसाच्या केवड्यावर (पानं पिवळी-पांढरी पडतात त्यावर) मारतो ती घरात माहितीची, स्वस्त, दुकानात लगेच मिळते. नावेत बसून फेकली. आठवड्यात वास गेला. आम्ही फोटो टाकले, सरपंचांनी सत्कार केला, नारळ आणि टोपी. पुढच्या चैत्रात वास आधीच्यापेक्षा जास्त आणि सळई जवळजवळ गाळाच्या तोंडापासून काळी.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. लोहानं असलेला सल्फाइड धरला आणि आम्ही बरोबर पुढच्या वर्षाचं सल्फेट पोत्यानं आत टाकलं. जिवाणूंनी आमचा सत्कार केला असेल.

म्हणून ही यादी पाठ करा: तुरटी म्हणजे सल्फेट, हिराकस म्हणजे सल्फेट, मोरचूद म्हणजे सल्फेट. पाणी गढूळ झालं की तुरटी, शेवाळ आलं की मोरचूद, वास आला की हिराकस, असे हे घरगुती उपाय साठलेल्या तळ्यात चालत नाहीत, आणि मोरचुदातलं तांबं मासे आणि शंखशिंपल्यांना वर मारतं ते वेगळंच. लोह द्यायचंच असेल तर सल्फेट नसलेलं द्या. आम्ही आता पाणी आत येतं त्या तोंडाशी जांभा दगडाच्या खड्यांचा थर घातलाय, जांभ्यात लोहाचं ऑक्साइड भरपूर असतं, सावकाश काम करतं पण उलटत नाही.

कुजणं कमी करा, हवा द्या

केंदाळ काढायचं तर हिरवं असताना, पाऊस संपल्या संपल्या, ते वाळून बुडायच्या आत. आणि काढून काठावर ढीग लावू नका, त्याचा रस परत आतच येतो. दोनशे फूट लांब नेऊन शेणात घालून खत करा. निर्माल्याला काठावर कलश ठेवा. उसाचं पाचट ओढ्याकाठी ढकलू नका, सरीत आच्छादन करा.

कारंजं किंवा एरेटर बसवला तर वरच्या पाण्यात ऑक्सिजन वाढतो, गाळाच्या तोंडाशी सल्फाइड अडतो, मासे वाचतात. पण त्यानं सल्फेट एक कणही कमी होत नाही, कारंजं बंद पडलं की खेळ परत सुरू. आणि उन्हाळ्यात अचानक मोठा पंप लावून तळचं पाणी वर घुसळू नका, तळातलं सगळं विष एकदम वर येऊन एका रात्रीत मासे उलटे होतात. कारंजं लावायचं तर दिवाळीच्या सुमाराला लावा, थोडं थोडं वाढवत न्या.

काठानं लव्हाळा, वाळा लावा, माती आणि फॉस्फरस अडवायला चांगलं. सल्फेट मात्र गवताच्या पट्ट्यातनं आरपार जातं. फ्लोरिडात हजारो एकरांची शुद्धीकरणाची दलदल बांधलीये, ती फॉस्फरस छान पकडते आणि सल्फेट बहुतेक जाऊ देते, त्यामुळं पट्टा लावला म्हणून पोत्यांचा हिशोब सोडू नका.

गाळ काढताना

सगळे जण जेसीबीवर खूश असतात. काळा गाळ उन्हात पसरला की हवेनं त्यातल्या सल्फाइडचं परत सल्फेट आणि आम्ल होतं. तोच गाळ काठावर ठेवला तर पहिला वळीव ते सगळं परत तळ्यात घालतो, आणि तळं पूर्ण कोरडं करून परत भरलं तरी तेच होतं, सल्फेटचा लोंढा येतो आणि मिथाइल पारा व्हायला सगळ्यात सोयीचा काळ तोच. म्हणून एका वर्षी एक तृतीयांश तळं, गाळ त्याच दिवशी ट्रॉलीत भरून शेतात, नांगरून मातीत. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, आम्ल बरंचसं जिरतं, तरी पीएचची पट्टी लावून बघा. ह्या गाळात गंधक आहेच, तेव्हा त्या शेताला त्या वर्षी गंधकाचं खत नको.

एक चर, जमलं तर

जिथं एकाच पाइपानं सल्फेटचं पाणी येतं तिथं हे करता येतं. दहा मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर खोल चर, आत जाड प्लास्टिक. बाभळीचे ढलपे, थोडा उसाचा चोथा, चुनखडीचे खडे, दोन पाट्या शेण आणि बी म्हणून एक बादली तळ्याचाच काळा गाळ. शेवटच्या दोन मीटरात गंजलेला बिडाचा चुरा, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या लेथवाल्यांकडं मिळतो, पण तेल असतं त्याला, धुऊन गंजू द्या. फाउंड्रीची वाळू कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. वरनं मातीनं झाका. म्हणजे काय केलं, तळ्यात जे नको तेच चरात मुद्दाम घडवलं आणि तयार झालेला सल्फाइड बिडाला चिकटवला.

पाणी आत निदान तीन दिवस राहिलं पाहिजे. ह्या मापाच्या चरात पोकळी धरा साडेसात हजार लिटर, म्हणजे दिवसाला अडीच हजार, मिनिटाला पावणेदोन लिटर. तेवढंच आत घ्या, तांब्या आणि मोबाइलचं घड्याळ लावून मोजा. पहिले काही आठवडे चहासारखं तपकिरी पाणी बाहेर येतं, ते शेताला द्या, तळ्याला नाही. नंतरचं पाणी दगडाच्या पायऱ्यांवरनं उड्या मारत सोडा, हवा लागू दे. बिडाचा चुरा सगळा काळा झाला की बदलायचा. भर पावसात हा चर काही कामाचा नाही, पूर बाजूनं जाऊ दे.

तक्रार द्यायची झाली तर

‘पाणी घाण आहे’ असा अर्ज देऊ नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑफिस कोल्हापुरात आहे, तिथं अर्ज देताना जागा, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, सळईचा फोटो आणि वरच्या व खालच्या पाण्याचे दोन आकडे जोडा, आणि स्पष्ट लिहा की बीओडी-सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायच्या नेहमीच्या चाचण्या) सोबत सल्फेट आणि सल्फाइड पण तपासा, कारण मागितलं नाही तर बहुधा कुणी तपासत नाही. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सल्फाइडची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, ती अर्जात लिहा. कुठल्या युनिटला काय अटींवर परवानगी आहे ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. नमुना घ्यायला येतील तेव्हा तुमची पण एक बाटली तिथंच, त्याच वेळी भरा. आणि अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्या, आमचा पहिला अर्ज ‘आलाच नव्हता’.